दवंडी ऐका, पण दप्तर पाहा



आपल्या वऱ्हाडातील खेड्यांत पूर्वी काही कळवायचे असले म्हणजे दवंडी होत असे. डफडे वाजले की माणसे दारात येऊन उभी राहात. दवंडी देणारा दोन वाक्यांत निरोप सांगे आणि पुढच्या आळीला निघून जाई. त्या निरोपामागचा मूळ हुकूम मात्र पाटील-पटवाऱ्याच्या दप्तरात बांधलेला असे. गावगाड्यात दवंडी देणे, सांगावा नेणे, मयताची खबर परगावी पोहोचवणे ही कामे आपल्याच वाडवडिलांवर लादलेली होती. ऊन असो, पाऊस असो, साऱ्या गावाचे निरोप त्यांनी वाहिले. पण ज्या कागदावरून तो निरोप निघाला, तो कागद वाचण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि वाचता येईल असे शिक्षणही त्यांना मिळू दिले गेले नव्हते.

आज दवंडीचे काम मोबाईल करतो. विद्यापीठाची, समाजकल्याण विभागाची किंवा लोकसेवा आयोगाची एखादी सूचना निघाली की ती फेसबुक, एक्स, टेलिग्राम, व्हॉट्सॲप अशा मार्गांनी आपल्यापर्यंत येते. मूळ कागद त्या त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. संकेतस्थळ हे आजचे दप्तर होय, आणि आता ते सर्वांना खुले आहे. असे असूनही आपले विद्यार्थी दवंडीवरच थांबतात, ही गोष्ट आम्हाला चिंतेची वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

घडलेली एक गोष्ट

अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातून अमरावतीला शिकायला आलेली एक मुलगी आमच्या परिचयाची आहे. वडील शेतमजूर. मुलगी हुशार, आणि मोबाईलच्या बाबतीत तर आमच्यापेक्षा कितीतरी जाणती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख जवळ आली असताना तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे काम राहिले होते. त्याच सुमारास 'मुदतवाढ' असा मथळा असलेले एका परिपत्रकाचे छायाचित्र गटागटांतून फिरू लागले. तिने ते पाहिले, जिवाला स्वस्थता वाटली आणि दाखल्यासाठी ती आठवडाभर थांबली. दाखला हातात आल्यावर अर्ज भरायला बसली, तेव्हा मुदत संपलेली होती. ते परिपत्रक आदल्या वर्षीचे होते. छायाचित्र काढणाऱ्याने वरचा भाग कापला होता आणि त्याबरोबर दिनांकही गेला होता.

ते छायाचित्र तिला आमच्याकडूनच गेले होते. गटावर आले, मुलांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून आम्ही पुढे पाठवले. बँकेत व्हाउचरवरची तारीख पाहिल्याशिवाय आम्ही कधी नोंद केली नाही. येथे मात्र वर्ष कोणते, एवढेही पाहिले नाही. मुलगी रागावली नाही. फक्त म्हणाली, "काका, मॅसेज तं तुम्हीच टाकला होता ना." तिच्या वडिलांनी त्या वर्षीची फी उसनवारी करून भरली. हा लेख लिहिण्यामागे तिचे ते वाक्य आहे, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो.

फीड म्हणजे काय?

आपण मोबाईल उघडला की एकाखाली एक मजकुरांची रांग दिसते आणि बोटाने वर सारीत गेलो तरी ती संपत नाही. तिलाच फीड असे म्हणतात. ही कल्पना मुळात फार उपयोगी आहे. रोज दहा संकेतस्थळे उघडून नवीन काय आले ते पाहण्यापेक्षा, नवीन आलेले सारे एकाच ठिकाणी दिसावे, हा तिचा हेतू.

यासाठी १९९९ साली 'आरएसएस' नावाची पद्धत निघाली. संकेतस्थळावर नवीन मजकूर आला की त्याचा मथळा आणि दुवा वाचकाकडे आपोआप जात असे. जे आले ते सर्व, आले त्या क्रमाने दिसे. गूगल रीडर हे अशा वाचनाचे लोकप्रिय साधन होते. १ जुलै २०१३ रोजी ते बंद झाले. आरएसएस ही पद्धत मात्र आजही चालू आहे. दरम्यान फेसबुकने २००६ साली आपले 'न्यूज फीड' सुरू केले होते आणि त्याच वर्षी ट्विटरही निघाले. पुढे वर्तमानपत्रे, विद्यापीठे व सरकारी खाती यांनी तेथे आपापली पाने उघडली आणि 'ताज्या माहितीसाठी आमचे पान फॉलो करा' असे सांगावयास सुरुवात केली. लोकांनाही ते सोयीचे वाटले.

परंतु या दोन पद्धतींत एक मोठा फरक आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. आरएसएसमध्ये निवड वाचकाची असे. फेसबुकच्या फीडमध्ये कोणता मजकूर आधी, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नाही, हे कंपनीची संगणकीय रचना ठरवते. आपण कशावर थांबतो, कशाला पसंती देतो, कोणाशी बोलतो यावरून ती अंदाज बांधते. लग्नाचे फोटो, भांडणे, विनोद यांवर माणसे थांबतात. 'परीक्षा अर्ज सादर करण्याबाबत' अशा कोरड्या सूचनेवर कोण थांबणार? मग ती मागे पडते. ट्विटरनेही २०१६ पासून आले त्या क्रमाऐवजी निवडून दाखवण्याची रीत आणली. २०२३ मध्ये त्याचे नाव एक्स झाले. आज तेथे 'फॉर यू' आणि 'फॉलोइंग' असे दोन कप्पे आहेत. आपण स्वतः निवडलेल्या खात्यांचा मजकूर पाहावयाचा असेल तर दुसरा कप्पा उघडावा. फेसबुकवरही मेनूमध्ये 'फीड्स' नावाचा वेगळा कप्पा असून त्यात मजकूर वेळेच्या क्रमाने दिसतो. आपल्या पुष्कळ मुलांनी तो कधी उघडलेलाच नसतो.

तात्पर्य असे की, पान फॉलो केले म्हणजे सूचना मिळेलच अशी हमी नाही. 'फीडमध्ये काही आले नाही, म्हणजे काही निघालेच नसेल' हा समज सर्वांत घातक आहे. दवंडी आपल्या आळीत झाली नाही म्हणून हुकूम रद्द होत नसतो.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या चॅनेलची गोष्ट थोडी निराळी आहे. व्हॉट्सॲपचे चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आले. त्यात पाठवणारा एक आणि वाचणारे अनेक असतात. एखाद्या कार्यालयाचे स्वतःचे चॅनेल असेल तर ते गटापेक्षा नक्कीच बरे. मात्र ते त्याच कार्यालयाचे आहे याची खात्री त्याच्या संकेतस्थळावरून करून घ्यावी. नाव आणि बोधचिन्ह कोणालाही लावता येते.

जुना कागद नव्याने फिरतो

फीडचा दुसरा दोष म्हणजे तेथे कागद आपल्या जागेवरून सुटून फिरतो. दप्तरातील कागदाला जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, मागचापुढचा संदर्भ असतो. मोबाईलवरून फिरणाऱ्या छायाचित्रात यांपैकी काही उरेलच असे नाही. वर्षभराने तेच चित्र पुन्हा वर येते आणि ताज्या बातमीसारखे दिसते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असेही नाही. आमचाही नव्हता.

पण कधी कधी कागदच बनावट असतो. १८ जून २०२४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची 'नेट' परीक्षा देशभर झाली. नऊ लाखांवर परीक्षार्थी बसले होते. दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचे दाखवणारे एक छायाचित्र टेलिग्रामवर फिरत होते. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात त्या छायाचित्रात फेरफार केलेला असल्याचे निष्पन्न झाले. तोपर्यंत लाखो मुलांच्या वाट्याला फेरपरीक्षा आली होती. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेण्यात आली. एक चित्र केवढे नुकसान करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

मग कागद ओळखावा कसा? काही साध्या खुणा आहेत.

पहिली खूण पत्त्याची. शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा असतो. विद्यापीठे व महाविद्यालयांचा बहुधा 'डॉट एसी डॉट इन' असतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ साली 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवून दिला, आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जावे असे सांगितले. 'शिष्यवृत्ती', 'स्कॉलरशिप' असे शब्द पत्त्यात घुसडलेले, पण शेवट भलताच, अशा ठिकाणी आधार क्रमांक किंवा ओटीपी देऊ नये.

दुसरी खूण संकेतांकाची. महाराष्ट्र शासनाचा शासन निर्णय संकेतस्थळावर चढतो तेव्हा त्याला एक लांबलचक संकेतांक मिळतो आणि तो निर्णयाच्या शेवटच्या भागात छापलेला असतो. त्याचे पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे आणि त्यापुढचे दोन दिवसाचे असतात. म्हणजे वरचा दिनांक कोणी कापला तरी संकेतांकावरून निर्णय केव्हाचा ते कळते. हा संकेतांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढता येते. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसारख्या सूचना मात्र शासन निर्णयाच्याच रूपाने निघतात असे नाही. त्यांच्यासाठी महाडीबीटीचे संकेतस्थळच पाहावे.

तिसरी खूण बाणांची. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे असे समजावे. केंद्र शासनाच्या योजनांविषयी शंका असेल तर पत्र सूचना कार्यालयाची तथ्यपडताळणी शाखा २०१९ पासून काम करीत आहे, तिची नोंद पाहावी.

जी गोष्ट कोणतीच दवंडी सांगत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फीड सर्वांसाठी असते; आपला स्वतःचा अर्ज कोठे अडला आहे हे ते कधीच सांगणार नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचेच पाहा. ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. अर्ज भरला म्हणजे काम संपले, असे मुले समजतात. वास्तविक तो आधी महाविद्यालयाकडे तपासणीला जातो आणि तेथून पुढे समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. एखादा दाखला अस्पष्ट असला, नावात फरक असला, तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. तो परत आला आहे हे पाहण्याची खात्रीची जागा म्हणजे स्वतःचे लॉगिन. मुलगा इकडे गटावर 'कोणाची शिष्यवृत्ती आली का?' असे विचारीत बसतो आणि त्याचा अर्ज तिकडे त्याचीच वाट पाहात पडून असतो.

पैशाचेही तसेच. 'शिष्यवृत्ती जमा झाली' असा संदेश फिरला की आमच्या काउंटरवर गर्दी होते. काहींच्या खात्यात पैसे दिसत नाहीत आणि ते निराश होऊन जातात. बँकेच्या माहितीकरिता आधार क्रमांक देणे वेगळे आणि शासनाचे पैसे आधारवरून जमा व्हावेत म्हणून एनपीसीआयच्या नोंदीत खाते जोडणे वेगळे. ज्याचे दोन-तीन बँकांत खाते आहे त्याचे पैसे, त्या नोंदीत शेवटी जे खाते जोडले गेले, त्यात जातात. कधी काळी शिबिरात उघडलेले आणि विसरलेले खाते असेल तर रक्कम तेथेही सापडते. कोणते खाते जोडलेले आहे हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या आधार क्रमांकाने व मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वीच ते पाहून घ्यावे.

मग फीड टाकून द्यावे काय?

मुळीच नाही. संकेतस्थळांचेही दोष आहेत. शेवटच्या दिवसांत ती उघडता उघडत नाहीत. कित्येक परिपत्रके छायाचित्राच्या रूपाने चढवलेली असल्यामुळे शोधून सापडत नाहीत. नवीन सूचना कोणत्या कोपऱ्यात लावली ते कळत नाही. अशा वेळी फीडवरून मिळालेली खबर मोलाची ठरते. ज्या घरी एकच मोबाईल आहे आणि दिवसभर तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलाला रात्री गटावर दिसलेली एक ओळही आधार वाटते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, खबर फीडवरून घ्यावी आणि खात्री संकेतस्थळावर करावी. या दोहोंच्या मध्ये एक क्षण थांबण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या संस्थेपुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवतो. विहारात दर रविवारी वंदनेसाठी आपण जमतोच. दोन विद्यार्थ्यांची पाळी लावावी. त्यांनी वंदनेच्या आधी अर्धा तास ठरलेली संकेतस्थळे उघडून पाहावीत: महाडीबीटी, समाजकल्याण विभाग, पुण्याची बार्टी, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, लोकसेवा आयोग आणि शासन निर्णय. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाचही जिल्हे या एका विद्यापीठात येत असल्यामुळे ही यादी बहुतेक सर्वांच्या उपयोगाची आहे. जे नवीन दिसेल ते फळ्यावर लिहावे आणि एका वहीत नोंदवावे: सूचनेचा विषय, तिचा दिनांक, शेवटची तारीख, कोठे पाहिली आणि कोणी पाहिली. पाहणाऱ्याने सही करावी. बँकेत रोजचा हिशेब जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही, तद्वत वही लिहिल्याशिवाय पाळीवाल्यांनी उठू नये. फळ्याचा फोटो मग खुशाल गटावर टाकावा. पण त्यावर वर्षासह दिनांक असलाच पाहिजे. याला पैसा लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

शेवटी एवढेच

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, एकेक उपदेशक येतो, आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे ठरवतो; आम्ही कोणाचे मानावे? तेव्हा भगवंतांनी त्यांना सांगितले की, केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून पाहा. अंगुत्तर निकायात हा उपदेश आला आहे. सांगणारा आपला काका आहे, एवढ्यावरूनही स्वीकारू नका, असे आम्ही आमच्या अनुभवावरून त्यात जोडतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' काढला, पुढे 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पैशाची सदा चणचण असताना त्यांनी ही पत्रे चालवली, कारण आपल्या लोकांविषयीची बातमी दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहू नये, असे त्यांना वाटत होते. 'बहिष्कृत भारत' निघाला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या काळी ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या मजकुरावरच विश्वास ठेवावा लागे. त्यांचा नाइलाज होता, आपला नाही.

ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेली आहे. यंदा तिने अर्ज पहिल्याच आठवड्यात भरला आणि आपल्या गावच्या आणखी तीन मुलींचे अर्ज स्वतः बसून भरून घेतले. गटावर काही आले की ती आता एकच प्रश्न विचारते, "काका, तारीख कोणत्या वर्षाची हाये?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!